कळण्याची भाकरी, शिसं आणि पंधरा किलो

तापी खानदेश ओलांडते आणि सुरतेच्या पुढे खंभातच्या आखातात उडी घेते. म्हणजे खानदेशचं पाणी रोज समुद्रावर जातं, माणसं मात्र वर्षातून एकदा, तीही सुट्टी मंजूर झाली तर. बरं, तापीच्या मागोमाग गेलं तरी तिथला समुद्र इतका गढूळ की पाण्यात स्वतःचा हात दिसला तरी नशीब. म्हणून पाठीला हवेची टाकी बांधून तळाशी जाऊन मासे बघायची हौस ज्या धुळेकराला किंवा जळगावकराला लागते, तो दक्षिणेची वाट धरतो: मालवण-तारकर्ली, गोव्याचं ग्रँड आयलंड, फारच पुढे गेला तर मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी बेट. निघण्यापूर्वी महिनाभर त्याला एकच प्रश्न छळत असतो. पाठीवरच्या सॅकमध्ये मावेल असं हलकं डायव्हिंगचं सामान घ्यावं तरी कोणतं? मला वाटतं, हा दोर चुकीच्या टोकाकडून धरलेला आहे. हलकं कोणतं हे मागाहून बघू. आधी स्वतःचं कोणतं असावं हे ठरवायला हवं. जे चेहऱ्याला, दातांना आणि रक्तातल्या वायूंना चिकटतं ते आपलं असावं. जे हवा धरतं किंवा वजन धरतं, ते समुद्राकाठच्या माणसाचंच राहू द्यावं.

आधी वजनकाटा काय म्हणतो ते पाहू. फुगवायचं जाकीट म्हणजे बीसीडी, श्वासाचा रेग्युलेटर आणि त्याच्या नळ्या, पायातले फिन्स आणि बूट, निओप्रीनचा सूट, मास्क, स्नॉर्केल, मनगटावरचा कॉम्प्युटर, टॉर्च असा नेहमीचा संसार साधारण बारा किलोंचा होतो. त्यालाच ‘ट्रॅव्हल’ हे विशेषण लावून घेतलं की किंमत वर जाते आणि वजन सहा-सात किलोंवर येतं. देशांतर्गत विमानात पोटात टाकायच्या सामानाला बहुधा १५ किलो आणि हातात ७ किलो, ही मर्यादा. २०२४ मध्ये जळगावहून गोव्याला विमान सुरू झालं आणि हा हिशेब खानदेशच्या घराघरांत शिरला. त्याआधी मंगला एक्सप्रेस होती. स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो फुकट, आणि ते ४० भरतात की ६० हे बघायला कोणी तराजू घेऊन फिरत नाही. विमानातही सात किलोंचा संच सहज बसला असता, पण सॅक रिकामी आहे असं गृहीत धरणारा माणूस खानदेशी नव्हे. तिच्यात कळण्याच्या भाकरी असतात, ठेचा असतो, शेव, बिबडे, केळीचे वेफर्स असतात. शिवाय गोव्यात नोकरीला असलेल्या कुणा आतेभावासाठी भरिताची तीन वांगी, म्हणजे किलोभर सहज. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. रेग्युलेटरला अजून मिळालेलं नाही. तेव्हा जागेवरून भांडण झालं तर सॅकबाहेर कोण जाणार, हे उघड आहे.

आता या छंदातली खरी गंमत. घरी निघताना माणूस टूथब्रशचा दांडा कापून ग्रॅम वाचवतो, वजन कमी म्हणून पट्ट्यावरची पितळी बक्कल काढून प्लास्टिकची लावतो. आणि बोटीवर पाय ठेवताच कमरेला चार-पाच किलो शिसं बांधून घेतो! कारण निओप्रीन म्हणजे बुडबुड्यांनी भरलेलं रबर, ते तरंगतं. सूट जितका जाड तितकं शिसं जास्त. पाठीवरची ॲल्युमिनियमची टाकी रिकामी असतानाच चौदा किलोंची, म्हणजे घरगुती सिलिंडरमध्ये जेवढा गॅस भरतात जवळपास तेवढं वजन. तिच्यात २०० बारच्या दाबानं दोन हजारांहून जास्त लिटर हवा कोंबलेली असते आणि त्या हवेचंच वजन अडीच किलोंच्या वर जातं. हवेला वजन असतं हे शाळेत सगळेच शिकतात. ते खरं असल्याचा अनुभव घ्यायला मालवणला जावं लागतं. ही हवा वापरून संपत आली की टाकी हलकी होऊन वर ओढायला लागते, म्हणून शिसं थोडं आणखी. हा सगळा खेळ वजनाचाच आहे, आणि टाकी-शिसं कुणीच घरून नेत नाही. वीसेक किलो भाड्याचे निमूट बांधून घ्यायचे आणि दोन किलोंच्या बीसीडीसाठी महिनाभर झोप घालवायची, हा हिशेब मला पटत नाही.

यावर पहिली हरकत अशी येते की, भाऊ, बीसीडी आणि रेग्युलेटर ही यंत्रं आहेत, जीव त्यांच्यावर टांगलेला असतो, तिथे परक्या वस्तूवर भरवसा कसा ठेवायचा? हरकत रास्त आहे. पण यंत्राचं भय खानदेशानं बाळगावं, हे जरा विचित्र वाटतं. इथल्या पोरांनी विहिरीत पोहायला शिकताना पाठीला तेलाचा रिकामा डबा नाहीतर सुका भोपळा बांधला, केळीच्या खांबाला धरून पाय मारले. तो डबा म्हणजे बीसीडीचा आजोबाच. फक्त त्याला फुगवायची आणि रिती करायची सोय नव्हती. आणि रेग्युलेटर? १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी तो तयार केला, तेव्हा पायाला घेतला होता मोटारी गॅसवर चालवायचा एक व्हॉल्व्ह. जळगाव जिल्ह्यातल्या केळीच्या बागेत ठिबक जोडणाऱ्या शेतकऱ्याला त्याचं काम पाच मिनिटांत समजेल: मेन लाइनला दाब मोठा, व्हॉल्व्हनं तो उतरवायचा, लॅटरलला हवा तेवढाच सोडायचा. ठिबकला जेमतेम एक किलोचा दाब लागतो. टाकीत असतो २००, पहिला टप्पा तो नऊ-दहावर आणतो आणि तोंडातला दुसरा टप्पा श्वास ओढाल तेव्हाच उघडतो. म्हणून तपासायची रीतही तीच. बोटीवर भाड्याचा रेग्युलेटर तोंडात धरून चार खोल श्वास घ्यायचे आणि डोळा प्रेशर गेजवर ठेवायचा. श्वासागणिक काटा खाली जाऊन पुन्हा वर येत असेल, तर टाकीचा व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही किंवा वाटेत काहीतरी तुंबलंय. फिल्टर चोक झाल्यावर शेतातला काटा असाच थरथरतो. ज्यानं तो ओळखला, तो हाही ओळखेल, आणि मग नम्रपणे दुसरा सेट मागेल.

दुसरी हरकत स्वच्छतेची. दिवसभरात चाळीस जणांनी चघळलेली रबरी मुखपट्टी आपण तोंडात घ्यायची? घ्यायलाच हवी असं नाही. ही मुखपट्टी प्लास्टिकच्या एका पट्ट्यानं आवळलेली असते. स्वतःची घेऊन जा, जास्तीचे दोन पट्टे खिशात ठेवा आणि बोटवाल्याला विचारून बदलून घ्या. वजन पन्नास ग्रॅम, म्हणजे एका भाकरीहूनही कमी. यासाठी लाखाच्या घरातला संच विकत घेणं म्हणजे हॉटेलातला पेला आवडला नाही म्हणून नळयोजना बांधून घेणं.

विकत घेतलेलं सामान वर्षातले दिवस घालवतं कुठे, याचाही विचार व्हावा. वर्षाकाठी आठ-दहा डाइव्ह मारणाऱ्याचा संच उरलेले साडेअकरा महिने माळ्यावर असतो, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की जळगावच्या पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टीच. निओप्रीन, रबरी नळ्या, आतल्या चकत्या यांना उष्णता मुळीच सोसत नाही. त्यातून रेग्युलेटरची वर्षा-दोन वर्षांनी सर्व्हिसिंग करावी लागते. धुळ्यातला कुशल मेकॅनिक कोणताही पंप उघडून पुन्हा चालू करून देतो, याबद्दल मला शंका नाही. मला भीती आहे ती त्याच्या उत्साहाची: ‘आत जरा ग्रीस मारलंय भाऊ, आता बघा कसा चालतो!’ श्वास घ्यायच्या वस्तूला ट्रॅक्टरचं ग्रीस चालत नाही. वर्षाला चाळीस-पन्नास डाइव्ह होत असतील, सर्व्हिसिंगला पुण्या-मुंबईला खेटे घालायची तयारी असेल, तर मी माघार घेतो. अशा माणसानं हलका रेग्युलेटर जरूर घ्यावा. बीसीडीचा विचार त्याच्याही पुढचा. बाकीच्यांनी विशेष काही करायचं नाही. आणि ज्यांनी कोर्स केलेलाच नाही, मालवणात प्रशिक्षकानं मानेजवळ धरून वीस मिनिटं फिरवून आणावं एवढ्यावरच जे खूश आहेत, त्यांना तर सामानाची चर्चाच लागू नाही. तिथे सगळं मिळतं, फोटोसुद्धा.

मग घ्यायचं काय? मास्क, आणि तिथे कंजूषी नको. चेहरा भाड्यानं मिळत नाही. पट्टा डोक्यामागे न टाकता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा, नाकानं हलका श्वास ओढायचा. हात काढल्यावरही तो चिकटून राहिला तर तुमचा, पडला तर कितीही महागाचा असो, दुसऱ्याचा. काचा डोळ्यांजवळ असलेला, आत जागा कमी असलेला मास्क घ्यावा. तो लहान, हलका असतो आणि पाणी शिरलं तर एका फुंकरीत रिकामा होतो. आता मिशीचा नाजूक विषय. खानदेशात मिशी केवळ केसांची नसते, पण सिलिकॉनची कड त्वचेवर बसते, अब्रूवर नाही. नाकाखालची बोटभर पट्टी काढली तर पाणी थांबतं. ज्याला ते जमणार नाही, त्यानं तेवढं पाणी नाकाशी खेळवत पोहायची तयारी ठेवावी. मी सल्ला दिला असं घरी सांगू नये.

मनगटावरचा कॉम्प्युटर हवाच. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि श्वासातला नायट्रोजन रक्तात मुरत जातो. कुणाच्या अंगात किती मुरला, याचा हिशेब ज्याचा त्यानं ठेवायचा. मित्राच्या घड्याळात पाहून तो कळत नाही. पाण्यावर आल्यावर बोटीला दिसावा म्हणून फुगवायचा केशरी नळकांडी फुगा, त्याची दोरी आणि शिट्टी, अर्धा किलो. जाड सूटऐवजी पातळ पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट, कारण कोकणातला समुद्र हंगामात सव्वीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतो आणि थोड्या वेळासाठी तेवढं पुरतं. ओला निओप्रीन गाडीत दोन दिवस बांधून नेला की डब्यातले लोक सुकट कुणी आणलं म्हणून शोधायला लागतात, ते वेगळं. फिन्स मात्र मोजपट्टीनं घ्यावेत. तिथे अडचण वजनाची कमी, लांबीची जास्त असते; साठ-पासष्ट सेंटिमीटरची पाती चाळीस लिटरच्या सॅकमधून मुंडी बाहेर काढून बसतात. आखूड, टाच झाकणारे घेतले तर बूटही लागत नाहीत. एवढं सगळं मिळून अडीच किलोंत आटोपतं आणि भाकरींना धक्का लागत नाही.

परतीचा हिशेब मात्र बरेच जण विसरतात. एका साध्या डाइव्हनंतर विमानात बसण्यापूर्वी निदान १२ तास, एकाहून जास्त झाल्या असतील तर १८ तास थांबायचं असतं, नाहीतर मुरलेला वायू बुडबुड्यांच्या रूपानं सांध्यांत उतरू शकतो. विमानच नव्हे, घाटही यात मोडतो. साधारण सहाशे मीटरच्या वर हवेचा दाब विचारात घ्यावाच लागतो आणि आंबोली सहाशे नव्वदच्या आसपास आहे. दुपारी तारकर्लीच्या तळाशी मासे बघून संध्याकाळी आंबोलीमार्गे कोल्हापूरची एसटी पकडणं म्हणूनच शहाणपणाचं नाही. मंगलेनं जाणाऱ्याला इगतपुरीही सहाशेच्या आसपास लागते, पण कसारा येईपर्यंत बरेच तास उलटलेले असतात. आदल्या दिवशीच पाण्याबाहेर आलेल्याला चिंता नाही. थोडक्यात, शेवटचा दिवस कोरडा. मालवणच्या बाजारात फिरायचा. भाकरी संपलेल्या, वांगी आतेभावाकडे पोचलेली, सॅकमध्ये चार-पाच किलोंची जागा मोकळी. तिथे आमसुलं येतात, मालवणी मसाला येतो, काजू येतात, आणि ‘आईसाठी’ म्हणून घेतलेल्या खाज्याच्या दोन पुड्या, त्यातली एक मोपा विमानतळाच्या वाटेवरच फुटते. विमानतळावरच्या काट्यावर आकडा दिसतो पंधरा किलो तीनशे ग्रॅम. मागे रांग ताटकळत असते. सॅक उघडली जाते, मास्क डबीतून निघून गळ्यात लटकतो, आणि त्याच्या जागी खाज्याची उरलेली पुडी डबीत अगदी बेतानं बसते. डबी हातातल्या पिशवीत जाते.