अँटेना वर येईना! नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

साहित्य: एक जुनी प्रीमियर पद्मिनी, एक मोकळा रविवार, बसायला गोणपाट, टेस्ट लॅम्प, पकड, वायर, पॉलिश पेपर आणि ‘मला यातलं काही कळत नाही, पण...’ अशी सुरुवात करणारे तीन शेजारी. शेजारी आणावे लागत नाहीत. बॉनेट उघडलं की आपोआप येतात.

आधी गाडीविषयी दोन शब्द. 29 ऑक्टोबर 2003ला ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं भरल्यावर 2023च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तेव्हापासून ही गाडी ठेवणारा माणूस हौशी तरी असतो नाहीतर हट्टी. त्यात मडगार्डमध्ये मोटारवाला अँटेना बसवलेला असेल, तर दोन्ही. बटण दाबलं की काडी कुरकुरत वर यायची, त्यावर एके काळी अख्खी आळी खूश व्हायची. आता बटण दाबलं की काहीच होत नाही. तुम्ही छातीठोकपणे म्हणता, “स्विच गेला.” इथपर्यंत सगळेच पोहोचतात.

नवा स्विच आणायला नेरुळहून हार्बर लोकल पकडून कुर्ल्याला जा. गाडी जन्मली तिथेच, तेव्हा दुखण्याखुपण्याला माहेरी जाणं आलंच. दुकानात ‘अँटेनाचा स्विच’ मागू नका. दुकानदार छताकडे बघतो. सहा टर्मिनलचा, मधे बंद राहणारा आणि बोट उचललं की स्वतःहून मधे येणारा स्विच मागा. ही शेवटची अट विसरू नका. तसाच दाबलेला राहणारा स्विच लावलात, तर काडी वर पोहोचल्यावरही मोटार ढकलत राहते, आणि मग कुर्ल्याची दुसरी खेप मोटारीसाठी होते.

घरी आल्यावर सर्वांत आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. हे वाक्य वाचून पुढे जाणाऱ्यांच्या मनगटावर घड्याळाच्या धातूच्या पट्ट्याचा गोल डाग आढळतो.

आता जोडणी. टर्मिनलच्या दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन. मधल्या दोघांना मोटारीच्या दोन वायर. वरच्या जोडीत डावीकडे फ्यूजमधून आलेला प्लस, उजवीकडे अर्थ. खालच्या जोडीत नेमकं उलट. म्हणजे वरचा डावा खालच्या उजव्याला आणि वरचा उजवा खालच्या डाव्याला फुलीसारखा जोडायचा. या फुलीनेच प्रवाहाची दिशा पालटते. मोटार एकदा सुलटी फिरते, एकदा उलटी. काडी वरच्याऐवजी खाली जायला लागली तर घाबरू नका, मधल्या दोन वायरींची अदलाबदल करा. फ्यूज स्विचजवळ नको, प्लस जिथून घेतला तिथे बसवा. मधली वायर कुठे घासून बॉडीला लागली तर तिचं रक्षण तोच करणार. रेडिओकडे जाणारी जाड केबल वेगळी असते, तिला हात लावू नका. वायरींचे रंग बघून काही ठरवूही नका. आमच्या गाडीत आधीच्या वायरमनने हातात जो तुकडा आला तो जोडला होता. अर्थला लाल, प्लसला देवघराच्या माळेची हिरवी.

बॅटरी जोडली, बटण दाबलं. शांतता.

पहिला शेजारी म्हणाला, मोटार गेली. दुसरा म्हणाला, हल्ली मोबाइलवर सगळं ऐकू येतं. तिसऱ्याने चहाची चौकशी केली.

इथे या मार्गदर्शनाचा खरा भाग येतो. कुर्ल्याला जाण्याआधी आम्ही टेस्ट लॅम्प लावला होता. टोक प्लसला, चिमटा दाराच्या बिजागरीच्या चकचकीत बोल्टला. दिवा लख्ख पेटला, म्हणून दोष स्विचला दिला. आता चिमटा बिजागरीवरून काढून स्विचच्या अर्थच्या टर्मिनलला लावला. दिवा मेलेला. ती वायर डॅशबोर्डखाली ज्या बोल्टला कसली होती, त्याभोवती हिरवट-पांढरं पीठ जमलं होतं. सारसोळ्याच्या जेट्टीवरून येणारं खारं वारं सुकटीला मानवतं, तांब्याला नाही. बोल्ट काढला, लग पॉलिश पेपरने लाल होईपर्यंत घासली, खालचा पत्रा चमकवला, कसून आवळला, वर थोडं ग्रीस चोपडलं. दहा मिनिटांचं काम.

काडी कुरकुरत वर आली. शेजाऱ्यांनी एकमेकांकडे असं पाहिलं की जणू त्यांनीच सुचवलं होतं.

काडीला तेल-ग्रीस लावू नका, धूळ धरते. फडक्याने पुसा, पुरे. आणि ती पूर्ण वर आली नाही म्हणून हिरमुसू नका. 100.7 मेगाहर्ट्झवरचं आकाशवाणीचं एफएम ऐकायला पाऊण मीटर काडी बरोबर बसते. अस्मिता वाहिनी 558 किलोहर्ट्झवर शोधायची असेल, तर मात्र जितकी वर येईल तितकी येऊ द्या.

जुना स्विच मी नंतर टेबलावर बॅटरीला जोडून पाहिला. उत्तम चालतो. कुणाला हवा असेल तर सांगा, चहा तुमच्याकडे.