डोंगरी सायकल, सपाट नदी

माझ्याकडे डोंगरात चालवायची सायकल आहे आणि मी ती अत्तराच्या कुपीसारखी सपाटीवर जपून वापरतो. एकवीस गियर, पुढे दणकट शॉकअप, मगरीच्या पाठीसारखे टायर. माझा नदीकाठचा फेरा अकरा किलोमीटरांचा. मोबाइलच्या हिशेबाने त्यात एकूण चढ चौदा मीटर, आणि त्यातले सहा आमच्याच इमारतीच्या सेलारमधून वर येण्याचे. (बेसमेंटला हैदराबादेत सेलार म्हणतात. मुलीच्या आग्रहाखातर काचीगुडा सोडून नार्सिंगीच्या टॉवरात राहायला आल्यावर मी शिकलेला हा पहिला शब्द.)

सायकल घरी आली तेव्हा बायकोने तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, स्टँड नाही, घंटी नाही.

"अहो, मग कोथिंबीर कशात आणायची?"

"ही डोंगरासाठी आहे," मी म्हणालो.

"डोंगर कुठाय?"

हा प्रश्न तसा रास्त होता. दुकानदाराला तो पडला नव्हता, कारण त्याला सायकल विकायची होती.

या सायकलींचा जन्म खऱ्या डोंगरावरचा. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही उनाड पोरं भंगारातल्या जुन्या, जाड टायरच्या सायकली टेकडीवर चढवायची आणि तिथून खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. तीनेक किलोमीटरांत सुमारे ४०० मीटर उतार. खाली पोचेपर्यंत मागच्या चाकातलं ब्रेकचं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि दर खेपेला नवं भरावं लागायचं, म्हणून त्या उताराचं नावच 'रीपॅक' पडलं. माझे ब्रेक अजून शोरूममधल्यासारखे आहेत. ते आजवर फक्त म्हशींसाठी लागले.

पण डोंगर नाहीच, असंही म्हणता येत नाही. हैदराबादचा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा. तो जमिनीच्या पोटात खोलवर थिजला. त्याच्या डोक्यावर जे काही होतं ते पाऊस-वाऱ्याने झिजवून नेलं, तेव्हा कुठे हा उघडा पडला. खाजागुड्याला एकावर एक रचून ठेवल्यासारखे जे गोल दगड दिसतात, ते त्यातलेच. म्हणजे मी डोंगरावरच सायकल चालवतो. जरा उशिरा पोचलो, एवढंच. हे बायकोला सांगितलं. तिने कोथिंबिरीची पिशवी हँडलला अडकवली.

सपाटीचा दुसरा मानकरी म्हणजे मुसी. ही विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांत उगम पावते, म्हणजे तिलाही डोंगर ठाऊक आहे. पण शहरात येईतो तिची रग जिरलेली असते, आणि ती मुद्दाम जिरवलेली आहे. २८ सप्टेंबर १९०८ ला तिने अर्धं हैदराबाद धुऊन नेलं. अफजलगंजला, आजच्या उस्मानिया दवाखान्याच्या आवारात, चिंचेचं एक झाड आहे. त्या दिवशी त्याच्या फांद्यांवर दीडशे जण तगले, असं सांगतात. मग निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांच्या आराखड्यातून १९२० मध्ये मुसीवर उस्मानसागर झाला आणि १९२७ मध्ये ईसीवर हिमायतसागर. उस्मानसागरला आम्ही गंडीपेट म्हणतो. त्याच्या खाली नदी वर्षातले बरेच महिने सरकारी नोकरासारखी वाहते, हजेरीपुरती. तिच्या कडेने मंचिरेवुलाच्या वन-उद्यानाकडे जी मातीची वाट जाते, ती या बंदोबस्ताचीच कृपा. धरणाचे दरवाजे उघडले की वाटही जाते आणि रविवारही. २०२५ च्या सप्टेंबरात तर पाणी थेट इमलीबनच्या बसस्थानकात शिरलं. त्या आठवड्यात सायकल सेलारात बसून होती, आणि मी तिच्याहून खालच्या मजल्यावर पाणी येतंय का ते बघत होतो.

उजाडताना त्या वाटेवर मोर ओरडतात. कुठल्याही सुंदर प्राण्याने इतकं बेसूर का ओरडावं, कळत नाही. उजवीकडे वेडी बाभूळ, डावीकडे कधी पाणी, कधी नुसता पाण्याचा वास. पाय आपोआप फिरत राहतात. मी उगाच गियर बदलतो. खट्कन आवाज येतो आणि दुसरं काहीच बदलत नाही. डोंगर चढणाऱ्याला पुढच्या वळणाची काळजी असते म्हणतात. मी त्या वेळात काचीगुड्याच्या जुन्या घरमालकाशी राहून गेलेली भांडणं मनातल्या मनात जिंकून घेतो.

सपाटीवर संकट येतं ते खालून येतं. गेल्या महिन्यात मागचं चाक बसलं. वाकून पाहिलं तर मगरीच्या पाठीत सराटे रुतलेले, एक दोन नव्हे, सात. वाटाण्याएवढा हा काटा. कसाही पडला तरी त्याचं एक टोक वर. मी एकेक उपटत गेलो, आणि प्रत्येकामागे टायर सुस्कारा सोडत गेला. पंपही घरी, पॅचही घरी. सायकल ढकलत निघालो. मागून घंटी वाजली. काळी, जुनी, दांडीला चिंधी गुंडाळलेली सायकल. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन.

"क्या साब, इत्ते गियरां हैं, फिर बी पैदल?"

"हौ भाई, पंचर."

"उदर कांटे हैं, नक्को जाना था."

हे 'नक्को' आपल्या 'नको'चंच दखनी लेकरू. आपल्याच माहेरच्या शब्दाने आपल्याला दटावलं की रागही येत नाही. त्याने कॅन सांभाळत वेग कमी केला आणि पंक्चरवाल्याच्या टपरीपर्यंत माझ्या चालीने साथ दिली. त्याच्या सायकलीला गियर एकही नव्हता आणि दूध चाळीसेक लिटर तरी असावं. वाटेत एक म्हैस आडवी बसली होती. त्याने घंटी वाजवली, ती उठली, बाजूला झाली.

तिथेच टपरीवर मी घंटी बसवून घेतली. वाटीएवढी, पितळी. पंक्चरवाल्याने ती शॉकअपशेजारी आवळली आणि दोन पावलं मागे सरकून पाहिलं, नवरदेवाला मुंडावळ्या बांधल्यावर मागे सरकून बघतात तसं.

पुढच्या रविवारी तीच म्हैस, तीच जागा. मी घंटी वाजवली. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग सायकलीकडे, मग पुन्हा रवंथ सुरू केला. मी उतरलो, सायकल खांद्यावर घेतली आणि तिला वळसा घातला. मोबाइलने त्या दिवशी चढ पंधरा मीटर दाखवला.