मूल, एक फुल

मे महिन्यात शहाणा माणूस महाबळेश्वर गाठतो. चंद्रपूर गाठायचं तर एक तर बदली व्हावी लागते, नाहीतर वय सोळा असावं लागतं. दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला एक पुणेकर या दुसऱ्या सदरात मोडत होता. मित्र निघाले म्हणून तोही निघाला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला.

बाबा आमट्यांनी ही छावणी सुरू केली ती १९६७ साली, म्हणजे सरकारची राष्ट्रीय सेवा योजना निघण्याच्या दोन वर्षं आधी. मे महिन्यातच का? तर पोरांना सुट्टी तेव्हाच असते. उन्हाचं मत कुणी विचारलं नाही.

आईने बॅगेत सनस्क्रीनच्या दोन बाटल्या, ग्लुकोजचा पुडा आणि डबाभर चकल्या कोंबल्या. निघताना बजावलं, “उन्हात जाऊ नकोस.” ही सूचना चंद्रपूरला निघालेल्या मुलाला होती.

गाडीत दौंडपर्यंत खिडकीसाठी मारामारी झाली. भुसावळनंतर तीच खिडकी फुकटसुद्धा कुणी घेईना. वर्धा मागे पडलं, वरोरा आलं. इथेच बाबांनी आपली वकिली सोडून कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभारलं, असं समोरच्या बाकावरचे काका सांगत होते. पण श्रोते तोवर पाण्याच्या बाटल्या डोक्यावर ओतण्यात गुंतले होते. चंद्रपूरला पारा पंचेचाळिसावर होता. रिक्षावाला म्हणाला, “आज जरा बरं हाय.”

पुढचा टप्पा मूल. तालुक्याच्या गावाचं नावच मूल, त्याला बिचारा पुणेकर काय करणार? एसटीत त्याने पैसे पुढे केले. “एक मूल द्या.”

कंडक्टरने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “अर्धं का फुल?”

“मूल.”

“ते समजलं जी. मूलचं अर्धं का मूलचं फुल?”

बारा वर्षांपर्यंतच अर्धं तिकीट मिळतं आणि पुणेकराला मिसरूड फुटू लागलं होतं, त्यामुळे वाद तिथेच मिटला. उरलेला सगळा रस्ता जंगलाचा. ताडोबा जवळच, म्हणून पोरं वाघासाठी काचेला नाक लावून बसली. दिसली ती तेंदूपत्त्याचे गठ्ठे डोक्यावर घेतलेली माणसं. त्या झळांत ती सरळ चालत होती आणि बसमधली मंडळी सावलीत बसून धापा टाकत होती.

दुसऱ्या दिवशी छावणीत पहाटे, घरी असतं तर झोपेचं मध्यंतरही झालं नसतं अशा वेळी, सगळ्यांना उठवलं. कामं वाटली जाऊ लागली. एक म्हातारबुवा पुणेकराला म्हणाले, “बाबू, तू धुऱ्यावर जाय.”

पहिल्याच दिवशी आपल्या खांद्यावर धुरा! तो छाती काढून निघाला. विदर्भात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात, हे त्याला हातात टिकाव आल्यावर कळलं. मग त्याने टिकाव डोक्यापर्यंत उचलला आणि जोरात हाणला. बांधाला काहीच झालं नाही, पुणेकर मात्र मनगटापासून खांद्यापर्यंत झणझणला. उन्हाने भाजलेली ती माती फुटायला पावसाची वाट पाहत होती, त्याची नव्हे.

“असं नाई,” म्हातारबुवा म्हणाले. त्यांच्या उजव्या हाताची बोटं पेरांपर्यंतच उरली होती. सोमनाथची शेती ज्यांनी उभी केली, त्या कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांपैकी ते एक. दांडा त्यांनी दोन्ही तळव्यांमध्ये दाबून धरला, टिकाव जेमतेम कमरेइतका उचलला आणि नुसता सोडून दिला. ढेकूळ सुटून पायाशी आलं. पाच-सहा घावांत त्यांनी हातभर बांध उकरला. घाम आला तो बघणाऱ्याला.

नाश्त्याच्या सुट्टीत पुणेकराने तळहातावरचा फोड कौतुकाने चारचौघांना दाखवला. म्हातारबुवांनीही हात उलटासुलटा करून पाहिला.

“दुखते का रे?”

“खूप.”

“मंग बरं हाय.” या रोगात नसा मरतात, फोड आलेला समजत नाही आणि न दुखणारी जखम चिघळत जाते, हे त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं. आणि फोडायचा नाही, फडकं बांधायचं, असंही. पुणेकराने सनस्क्रीनची बाटली पुढे केली. त्यांनी ती हुंगली, झाकण लावलं आणि परत दिली.

आठवड्याने तो घरी परतला, रंगाने ओळखू न येण्याइतका.

“उन्हात गेला नाहीस ना?” आईने विचारलं.

“पहाटेच जायचो.”

“आणि काम काय दिलं होतं?”

“मी धुऱ्यावर होतो.”

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या तिन्ही विंगांमध्ये बातमी पोचली, की यंदा छावणीची सगळी धुरा आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या मुलाकडे होती.