वारबर्गचं वस्त्रहरण

स्वीडनमधल्या वारबर्ग गावात सगळ्यांत व्यवस्थित कपडे केलेला माणूस किल्ल्यातल्या संग्रहालयात काचेमागे असतो. लोकरीचा अंगरखा, त्यावर लोकरीचाच झगा, पायांत कातडी बूट, डोक्याला टोपडं आणि त्या टोपड्याला मागे लांबलचक शेपूट. गृहस्थ चौदाव्या शतकातले आहेत. बाकीचं गाव एकविसाव्या शतकातलं आहे आणि जुलै महिन्यात त्याच्या अंगावर जवळजवळ काहीही नसतं.

आम्ही या दोन्ही काळांच्या मधोमध कुठेतरी उभे होतो. दोष भाच्याचा. तो गोथेनबर्गला गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. व्हिसा हातात पडायच्या आधीच त्याने फोनवर स्वीडिश लोकांची एक म्हण ऐकवली होती: हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात. म्हण ऐकताच सौभाग्यवती लक्ष्मी रोडला गेल्या. थर्मल आले, स्वेटर आले, हातमोजे आले. माझी माकडटोपी माळ्यावरून उतरली. वारबर्गच्या स्टेशनवर आम्ही उतरलो तेव्हा एकवीस अंश तापमान होतं आणि ज्यांची म्हण तेच लोक आमच्याकडे बघून वाट देत होते. एकवीस अंशांना स्वीडिश माणूस उष्णतेची लाट म्हणतो. गवताचा तुकडा दिसला की तो तिथे आडवा होतो आणि उजव्या कुशीवरून डाव्या कुशीवर वळत ऊन साठवतो. हिवाळ्यात लागणार असतं ना!

किल्ला डेन्मार्कवाल्यांनी बांधलेला. हा हालांड प्रांत १६४५ पर्यंत डेन्मार्ककडे होता. पुढे किल्ल्यात तुरुंग झाला आणि आता त्या तुरुंगात प्रवाशांची उतरायची सोय आहे. भाच्याने आमच्यासाठी कोठडी राखून ठेवली होती. आयुष्यभर कायदा पाळून साठीनंतर पदरचे पैसे मोजून तुरुंगात राहायचं, हे हिला पटेना. "फॅमिली ग्रुपवर टाकू नका हं," एवढंच तिने बजावलं. मी टाकलं होतं. धाकट्या मेव्हण्याचा तासाभरात फोन आला. त्याच्या आवाजात काळजी कमी आणि समाधान जास्त होतं.

तर ते काचेमागचे गृहस्थ. १९३६ साली वारबर्गपासून थोड्या अंतरावर, बोक्स्टेन नावाच्या ठिकाणी, दलदलीच्या जमिनीत शेतीचं काम चालू असताना ते सापडले. कुणीतरी डोक्यात घाव घालून त्यांना मारलं होतं आणि वर तीन खुंट ठोकून दलदलीत खिळवलं होतं. त्यातला ओकच्या लाकडाचा खुंट थेट काळजातून. माणूस भूत होऊन परत येऊ नये म्हणून ही व्यवस्था असावी, असं म्हणतात. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे हेच काम खिळा आणि वडाचं झाड करतं. पण कोकणात दलदलीतलं आम्लट, हवा न शिरणारं पाणी नाही. त्या पाण्याने यांची लोकर राखली, केससुद्धा राखले. मध्ययुगातला असा नखशिखांत पोशाख युरोपात फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतो. ते कोण होते, का मेले, याच्यावर विद्वानांनी डोकं खाजवलंय. ही मात्र काचेला नाक लावून शिवण बघत होती.

"सातशे वर्षं झाली, पण गोळे धरले नाहीत बघा," ती म्हणाली. मग तिने माझ्या स्वेटरकडे पाहिलं. त्याला पंधरवड्यातच गोळे आले होते. दुकानदाराने शंभर टक्के लोकर म्हणून दिला होता. मी विषय बदलावा म्हणून पुढच्या काचेकडे गेलो.

पुढच्या काचेत बटण होतं.

स्वीडनचा राजा बारावा कार्ल ३० नोव्हेंबर १७१८ या दिवशी नॉर्वेतल्या एका किल्ल्याला वेढा घालून खंदकात उभा असताना डोक्यात गोळी लागून मेला. अंधारात झाडलेली गोळी शत्रूची की आपल्याच माणसाची, हा वाद तीनशे वर्षं चालू आहे. लोकांची श्रद्धा अशी होती की राजाला साध्या गोळ्या लागतच नाहीत. म्हणून म्हणे कुणीतरी त्याच्याच कोटाचं बटण पळवून त्याची गोळी केली. १९२४ मध्ये याच भागात, रस्त्याच्या खडीत, शिसं भरलेलं एक पितळी बटण खरोखरच सापडलं! तेच हे. युरोप थरथर कापायचा असा राजा, आणि त्याचा शेवट हा एवढासा. मी जरा गंभीर झालो.

"म्हणून मी सांगत असते," ही म्हणाली, "बटण तुटलं की लगेच लावून घ्यावं."

दुसऱ्या दिवशी भाच्याने ग्रिमेटनचं रेडिओ केंद्र दाखवायला नेलं. पहिल्या महायुद्धात स्वीडनला कळलं की अमेरिकेशी बोलायचं तर तारा दुसऱ्यांच्या ताब्यात आहेत. म्हणून यांनी शेतात १२७ मीटर उंचीचे सहा लोखंडी मनोरे उभे केले. आत आलेक्झांडरसन या स्वीडिश-अमेरिकन इंजिनिअरने रचलेलं एक अजस्र फिरतं यंत्र आहे. ते विजेच्या लहरी उठवायचं आणि मॉर्सचे संदेश समुद्रापार जायचे. अशी यंत्रं जगात इतरही ठिकाणी होती, पण चालू स्थितीत उरलेलं हे एकटं. २००४ पासून जागतिक वारसा. वर्षातून एखाद-दोन खास दिवशी ते अजून सुरू करतात आणि जगभरचे हौशी रेडिओवाले कान देऊन बसतात. भाचा हे सगळं भक्तिभावाने सांगत होता. हिची नजर मनोऱ्यांमधून गेलेल्या, जवळजवळ दोन किलोमीटर लांबीच्या तारांवर खिळली होती. वाराही भरपूर होता. ती काही बोलली नाही, पण मनातल्या मनात तिने तिथे सगळ्या सोसायटीच्या चादरी वाळत घातल्या, हे मला दिसलं.

मग सायकली. हेलसिंगबर्गपासून गोथेनबर्गपर्यंत जवळजवळ चारशे किलोमीटर समुद्राच्या कडेकडेने सायकलींची वाट काढलेली आहे आणि ती वारबर्गवरूनच जाते. आम्ही तिच्यातला किरकोळ भाग केला. वाटेत कुणाच्याही रानात शिरावं, ब्लूबेरी तोडून खाव्या, आडवं पडावं, एखादी रात्र तंबू ठोकावा. मालक काही म्हणत नाही. माणसांच्या घराच्या अंगणापासून लांब राहायचं, पिकाची नासधूस करायची नाही, एवढीच अट. हा हक्क त्यांच्या राज्यघटनेत आहे. ज्याच्या घराण्यात वीतभर बांधासाठी आजोबांनी लावलेली केस नातू लढवतोय, त्याला अशा ठिकाणी ब्लूबेरी गोड लागत नाहीत. मी प्रत्येक फळ तोडण्यापूर्वी आजूबाजूला बघत होतो.

आपेलविकेनच्या किनाऱ्यावर आणखी गोंधळ. तिथे वारा सतत असतो म्हणून शिडाच्या फळ्या आणि पतंग घेऊन लाटांवर उडणारी मंडळी जमतात. ही मंडळी पाण्यात जाताना गळ्यापासून घोट्यापर्यंत काळा रबरी पोशाख चढवतात आणि पाण्याबाहेर आली की सगळं काढून वाळूत पडतात. म्हणजे पाण्यात कपडे, जमिनीवर नाही. मी सवयीने चपला भरतीच्या रेषेपलीकडे नेऊन ठेवल्या. भाचा हसला. त्या समुद्राला भरती-ओहोटी नावालाच असते, वीतभर चढतो आणि वीतभर उतरतो. असल्या समुद्रावर कोकणातल्या माणसाने काय विश्वास ठेवायचा!

आणि शेवटी ते स्नानगृह. किल्ल्याच्या पायथ्याशी समुद्रात खांबांवर उभी असलेली, घुमटाघुमटांची लाकडी इमारत. लांबून बघितलं तर एखाद्या नबाबाने कर्ज काढून बांधल्यासारखी. आधीची दोन वादळांनी नेली, ही १९०३ ची. डावी-उजवीकडे बायका आणि पुरुष वेगळे. आत सौना, बाहेर शिडी, खाली काटेगात समुद्र. पोहण्याच्या कपड्यांची गरज नाही.

"गरज नाही म्हणजे?" मी विचारलं.

"मामा, कुणी बघत नाही हो."

मी पंचा घेतला. सौनात बसायला खाली टॉवेल लागतोच, तेव्हा पंचाला कायदेशीर काम होतं. अडचण अशी की तो खाली घातला की वर उरत नाही. शेवटी मी त्याची घडी अशी काही केली की निम्मा नियम पाळला गेला आणि निम्मी अब्रू. बाकीचे सगळे निर्विकार होते. समोरच्या बाकावर ऐंशीच्या घरातले एक आजोबा, पहिल्या पानावर छापून आलेल्या पुढाऱ्याच्या थाटात, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. कुठून आलात, त्यांनी विचारलं. भारतातून म्हणालो. सौनाचा काटा ऐंशी अंशांवर होता. माझ्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचे थेंब पडत होते. आजोबांनी सहानुभूतीने मान हलवली.

"तुमच्याकडे उकाडा फार असतो, नाही?"

बाहेर येऊन सगळे शिडीवरून शांतपणे पाण्यात उतरत होते. पोस्टात पाकीट टाकावं तसे जात आणि परत येत. कुणी हूं की चूं नाही. मी पहिली पायरी उतरलो. दुसरी उतरलो. कमरेला पाणी लागलं आणि रत्नागिरी जिल्ह्यापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात माझ्या तोंडून "आई गंऽऽ!" निघालं. फळ्यांच्या पलीकडून, बायकांच्या बाजूने, हसण्याचा कल्लोळ उठला. त्यातलं एक हसणं मला चांगलंच ओळखीचं होतं.

अर्ध्या तासाने ही बाहेर आली. केस ओले, चेहरा लालबुंद, स्वेटर कमरेला बांधलेला.

"तू उतरलीस पाण्यात?"

"तीनदा. अहो, त्या बायकांनी विचारलं, हे गृहस्थ पलीकडे काय ओरडले. आता काय सांगू त्यांना? म्हटलं, आमच्याकडे गार पाण्यात शिरताना हा मंत्र म्हणायचा असतो, त्याने थंडी बाधत नाही."

"आणि त्यांना पटलं?"

तिने बोट वर करून मला गप्प केलं. फळ्यांपलीकडे शिडी करकरली, पाणी डुचमळलं, आणि खणखणीत स्वीडिश हेलात पहिल्यांदा एकीने, मग तिच्या मागून तिघी-चौघींनी, आईला हाक मारली.