खांद्याच्या वर की खाली?

सरळ केसांच्या बाईला पार्लरमध्ये विचारतात, "किती कापू?" ती बोटाने खूण करते, तेवढे कापले जातात, विषय संपतो. कुरळ्या केसांच्या बाईलाही हेच विचारतात, तिथे सगळं बिनसतं. माझे केस न्हाऊन आल्यावर खांद्याखाली चांगले चार बोटं असायचे, वाळले की हनुवटीशी यायचे आणि जुलै महिन्यात दादरला लोकलमधून उतरेपर्यंत कानाशी पोचलेले असायचे. आता यातले किती कापायचे ते सांगा.

केस भिजला की त्यातले हायड्रोजनचे बंध सुटतात, पाण्याच्या वजनाने वळ्या ओढल्या जातात आणि तो शहाण्यासारखा खाली लोंबतो. वाळताना बंध परत जुळतात, की आला मूळ स्वभावावर. हवेतल्या दमटपणाला केस किती हळवा असतो हे जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७८३ सालीच लिहून ठेवलंय. त्याने माणसाचा केस ताणून बांधला, त्याला काटा जोडला आणि आर्द्रता मोजायचं यंत्र केलं. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. फरक जेमतेम दोन-अडीच टक्क्यांचा. (त्याआधी त्याने केसाचं तेल पार धुऊन काढलं होतं. माझ्या आजीने त्याला उंबरठा ओलांडू दिला नसता.) सरळ केस ही वाढ निमूटपणे लांबीत जमा करतात. माझे केस तेवढ्यात आणखी एक वेढा मारून घेतात.

पार्लरवालीला हे कोण सांगणार? ती आधी फवाऱ्याने डोकं भिजवते, मग एकेक बट कंगव्याने ताणून दोन बोटांत धरते आणि अगदी सरळ रेषेत कापते. आरशात बघितलं तर झकास. घरी पोचेपर्यंत त्याचा समोसा होतो. सगळे केस एकाच रेषेत खांद्याला टेकले, की वरचे खालच्यांच्या वजनाने चप्प बसतात आणि टोकांना कोणाचाच धाक नसल्यामुळे ती दोन्ही बाजूंना पसरतात. यावर उपाय म्हणजे लेअर्स. पण लेअर्सचाही अतिरेक होतो. कॉलेजात असताना माझे असेच कानावर चढले होते, तेव्हा शेजारच्या काकू, ज्या सत्यसाईबाबांच्या भक्त, मला जिन्यात बघून नकळत हात जोडायच्या. त्या काळात त्यांनी मला कधी वाणसामानाची पिशवी उचलायला लावली नाही, एवढा एक फायदा.

खरी मेख अशी, की कुरळे केस जिथे संपतात तिथे फुगतात आणि फुगतात तिथे बघणाऱ्याची नजर जाते. माझे गाल मुळातच भरलेले. त्यांच्याशीच केस संपवले की चेहऱ्याला दोन्हीकडून जोड लागते. अरुंद, लांबट चेहऱ्याच्या बाईला मात्र तीच लांबी खुलून दिसते. कमरेपर्यंत वाढवावेत तर वजनाने मुळाशी वळण राहत नाही, आणि वाळायला दुपार जाते. पावसाळ्यात रात्रही.

"त्यापेक्षा सरळच करून घे ना," ही माझ्या मावशीची सूचना. सूचना कसली, चळवळच. माझ्या लग्नाआधी ती ऐन भरात होती. पण स्ट्रेटनिंगचं औषध बाहेर आलेल्या केसाला वळण लावतं. आत मुळाची पिशवीच वाकडी, तिला काय लावणार? महिन्याला सेंटिमीटरभर नवा केस येतो, तो कुरळाच. म्हणजे लग्नात सरळ, दिवाळसणाला मुळाशी शंका आणि डोहाळजेवणापर्यंत सासरच्यांना फसवणूक उघड.

आता जी मुलगी केस कापते ती पाण्याच्या बाटलीला हात लावत नाही. "धुऊन, वाळवून, मोकळेच या," म्हणते. एक बट चिमटीत धरून खाली ओढते, सोडते. बट टुणकन वर जाते. जिथे थांबते तिथे बोट ठेवून म्हणते, "ताई, आपली लांबी ही." मग एकेक वळी बघून, ती वळते तिथेच कात्री. वेळ जातो, पैसेही जातात, पण वाळलेले केस कॉलरबोनला टेकतील इतकेच राहतात. गाल सुटतात, समोसा होत नाही, उकाड्यात वर बांधता येतात. जाताना तिने एवढंच बजावलं, की वाळल्यावर कंगवा लावायचा नाही, वळ्या फुटतात आणि नुसता पिंजारा होतो.

परवा एका मुंजीत मावशी भेटली. मागून, पुढून निरखून बघितलं तिने. "छान दिसतायत गं," म्हणाली, आणि पर्समधून कंगवा काढला.