मालिका संपलेली हवी

विज्ञानकथांची किंवा अद्भुत कादंबऱ्यांची नवी मालिका वाचायला घ्यायची म्हटली, की विशीतला वाचक विचारतो, "चांगली आहे का?" साठीच्या उंबरठ्यावर प्रश्न बदलतात. पहिला प्रश्न : संपली आहे का? दुसरा : नसेल तर लेखकाचं वय काय, तब्येत कशी? तिसरा प्रश्न स्वतःच्या वयाचा. तो मनातल्या मनात सोडवायचा.

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर नातेवाइकांनी मला भजनी मंडळ, योगवर्ग आणि नातवंडं नसल्यामुळे शेजाऱ्यांची नातवंडं असे तीन पर्याय सुचवले. मी सांगून टाकलं, मी ड्रॅगनची पुस्तकं वाचणार आहे. ह्यांनी पेपरमागून विचारलं, "किती?" पुस्तकं किती, ड्रॅगन किती, की रुपये किती, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही आणि मीही विचारलं नाही.

या क्षेत्रातली माझी सल्लागार म्हणजे माझी भाची. ती पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे आणि तिच्या खोलीत पलंगापेक्षा पुस्तकांनी जास्त जागा अडवली आहे. तिचा पहिला सल्ला असा : "मावशी, पहिली तीन पुस्तकं नेटानं काढ. चौथ्यापासून जी पकड घेते ना!" मी पानं विचारली. प्रत्येकी साधारण सातशे. म्हणजे एकवीसशे पानं मी नेटानं काढायची आणि मग मजेला आरंभ होणार. ज्ञानेश्वरांनी सगळी गीता नऊ हजार ओव्यांत उलगडून वर पसायदानही मागितलं, असं मी म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "पण त्यात नकाशा नाही."

नकाशा हा मोठा मुद्दा आहे. अद्भुत कादंबरीच्या पहिल्याच पानावर नकाशा असावा लागतो. उत्तरेला बर्फ, पूर्वेला जिथे कोणी जात नाही असे डोंगर, मध्ये एक जंगल आणि त्याचं नाव असं की शहाण्या माणसानं वळसा घालून जावं. नायक त्यातूनच जातो. नायक बहुधा अनाथ, शेतावर वाढलेला, आणि कुठल्याशा भाकितात त्याचं नाव आलेलं. नावांत मधेमधे अपॉस्ट्रॉफी पेरलेले असतात. तिथे श्वास घ्यायचा की गिळायचा हे मला अजून कळलेलं नाही. विज्ञानकथेत नकाशाऐवजी चंद्र असतात. एकच चंद्र असेल तर लेखक आळशी समजावा. नकाशात जितकी गावं आहेत तितक्या ठिकाणी आपल्याला पायी नेलं जाणार आहे, हे ओळखून मी हल्ली आधी गावंच मोजते.

भाचीचा दुसरा सल्ला स्टीव्हन एरिक्सन यांच्या मालाझान मालिकेचा होता. दहा जाडजूड खंड, 1999 ते 2011 या काळात निघालेले, म्हणजे वेळेवर पूर्ण झालेले. मला लेखकाबद्दल एकदम आदर वाटला. एरिक्सन मूळचे पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्रातले. त्यामुळे ते वाचकाला काहीही समजावून सांगत नाहीत. युद्ध चालू असतं, देव भांडत असतात, आणि कोण कोणाचं कोण हे आपण उकरून काढायचं असतं. चाळीस पानांनंतर मी फोन केला की मला काहीही कळत नाही. भाची म्हणाली, "मग बरोबर वाचते आहेस." मी हे वाक्य दहावीच्या वर्गात एकदा जरी उच्चारलं असतं, तरी पालकांची रांग मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेली असती.

जॉर्ज मार्टिन यांच्याकडे मी गणिताच्या वाटेनं गेले. त्यांच्या मालिकेतली पुस्तकं आली 1996, 1998, 2000, 2005 आणि 2011 मध्ये. मधली अंतरं : दोन, दोन, पाच, सहा. पुढचं पद काढा. हे उदाहरण मी कागदावर मांडलं आणि माझ्या लक्षात आलं की ही श्रेढी परीक्षेत देण्यासारखी नाही. मुलं रडतील. दूरचित्रवाणीवरची मालिका 2011 मध्ये सुरू झाली, पुस्तकांना मागे टाकून 2019 मध्ये संपलीसुद्धा. सहावं पुस्तक अजून यायचं आहे, आणि नंतर सातवं.

पॅट्रिक रॉथफस यांची तर रचनाच मजेची. नायक आपली कहाणी तीन दिवस सांगणार, एका दिवसाचं एक पुस्तक. पहिला दिवस 2007 मध्ये झाला, दुसरा 2011 मध्ये. तिसरा दिवस अजून उजाडायचा आहे. इतकी लांब रात्र ध्रुवावरसुद्धा नसते.

म्हणून मी एक नियम केला : लेखक हयात नसलेला बरा. ऐकायला क्रूर वाटतो, पण नियम सोयीचा होता. जे लिहायचं ते लिहून झालं, आता वाट बघणं नाही. हा नियम मी ह्यांना ऐकवला तेव्हा ते म्हणाले, "जिवंत लेखकांना कळवू नकोस."

नियम टिकला नाही. त्याचं कारण मुलगे. फ्रँक हर्बर्ट यांची 'ड्यून' घ्या. वीसएक प्रकाशकांनी नाकारलेली कादंबरी 1965 मध्ये अखेर अशा प्रकाशनानं काढली, जे मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध होतं. हर्बर्ट यांनी सहा भाग लिहिले आणि 1986 मध्ये ते गेले. झाली असती मालिका पूर्ण. पण त्यांचे चिरंजीव ब्रायन यांनी केव्हिन अँडरसन यांना सोबत घेतलं आणि वडिलांच्या सहापेक्षा कितीतरी जास्त भाग लिहिले. टोल्किन 1973 मध्ये गेले. 1977 मध्ये त्यांच्या मुलानं, ख्रिस्तोफर यांनी, 'सिल्मरिलियन' जुळवून प्रसिद्ध केलं, आणि पुढे वडिलांच्या कच्च्या खर्ड्यांचे बारा खंड. आमच्या घरात वडिलांच्या हातची एक रद्दीची वही आहे. तिच्यात दुधाचा हिशोब आहे. मी बारा खंड काढू शकणार नाही.

आपल्याकडेही हे चालत आलेलं आहे. देवकीनंदन खत्री यांच्या 'चंद्रकांता'साठी लोक हिंदी शिकले असं सांगतात. तिची पुढची 'संतति' चोवीस भागांची. त्यानंतरचं 'भूतनाथ' अर्धवट टाकून खत्री 1913 मध्ये गेले, आणि ते त्यांच्या मुलानं, दुर्गाप्रसाद यांनी, पूर्ण केलं. पितृऋणाचा हा प्रकार कुठल्या स्मृतीत सांगितलाय ते तपासायला हवं.

रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'व्हील ऑफ टाइम'चं काम पत्नीनं तडीला नेलं. 1990 मध्ये सुरू झालेली ही मालिका अकरा खंडांवर आली आणि 2007 मध्ये जॉर्डन गेले. आता एकच शेवटचं पुस्तक राहिलंय, असं ते सांगत आले होते. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल या त्यांच्या संपादकही होत्या. त्यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकावर ते शेवटचं पुस्तक सोपवलं. सँडरसन यांनी निष्ठेनं काम केलं आणि त्या एका पुस्तकाची तीन झाली. शेवटचं 2013 मध्ये आलं. एकूण चौदा खंड, सुमारे 44 लाख शब्द, म्हणजे महाभारताच्या दुपटीहून जास्त. हे मी ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, 'चार दिवस सासूचे'सुद्धा 2013 मध्येच संपली, तीन हजारांवर भाग झाले होते, आणि त्यांनी एकही वगळला नव्हता. एका घरात दोन तपस्वी असले की उदबत्तीचा खर्च वाढतो.

लेखक स्वतः "संपली" म्हणाला तर विश्वास ठेवावा का? नाही. अर्सुला ले ग्विन यांनी 1990 मध्ये अर्थसी मालिकेचं चौथं पुस्तक काढलं आणि त्यावर चक्क 'शेवटचं पुस्तक' असं छापलं. 2001 मध्ये आणखी दोन आली. डग्लस ॲडम्स यांनी त्रिधारेचे पाच भाग लिहिले आणि तसं मुखपृष्ठावर बेधडक सांगितलं. गणिताची शिक्षिका म्हणून मी त्यांना माफ केलं, कारण त्यांनी निदान लपवलं नाही.

आयझॅक असिमोव्ह मात्र विचार करायला लावतात. 'फाउंडेशन'ची तीन पुस्तकं 1951 ते 1953 या काळात निघाली. साम्राज्य कोसळणार, पण नीट योजना केली तर तीस हजार वर्षांचा अंधार हजार वर्षांत आटोपेल, असं गणित एक म्हातारा गणितज्ञ मांडतो. नायक गणितज्ञ! मला आणखी काय हवं? 1966 मध्ये तिला सार्वकालिक श्रेष्ठ मालिकेचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, तोही टोल्किन स्पर्धेत असताना. पुढे वाचकांच्या आणि प्रकाशकांच्या आग्रहावरून असिमोव्ह यांनी 1982 मध्ये पुन्हा लेखणी उचलली. गोष्ट त्या हजार वर्षांच्या जेमतेम निम्म्यापर्यंत पोचली, आणि तिथून पुढे जाण्याऐवजी ते मागे गेले. नंतरची दोन पुस्तकं आरंभाच्याही आधीची आहेत. उरलेल्या पाचशे वर्षांचं उत्तर शेवटच्या पानावर दिलेलं नाही. असा पेपर मी तपासला असता तर पायऱ्यांचे गुण दिले असते, उत्तराचे नाही.

या सगळ्यात प्रत्यक्ष पुस्तकं मिळवणं हा वेगळाच अध्याय. फोर्टात फाउंटनजवळ पदपथावर पुस्तकं विकतात, तिथे कुठल्याही मालिकेचा दुसरा भाग हमखास मिळतो. पहिला मिळत नाही. मी यावर बराच विचार केला आहे. ज्यांना पहिला आवडला नाही ते दुसरा घेत नाहीत. ज्यांना आवडला ते पहिला जपून ठेवतात, दुसरा घेतात, आणि मग रागावून फक्त दुसरा विकतात. विक्रेत्याला माझं हे प्रमेय आवडलं, पण किंमत त्यानं कमी केली नाही.

संपलेली, आणि पुन्हा जिवंत होणार नाही अशी मालिका मला दोनच ठिकाणी सापडली. एक पैठणला. गुणाढ्याची बृहत्कथा. सातवाहन राजाच्या या मंत्र्यानं, दंतकथेप्रमाणे, पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची अद्भुतकथा लिहिली, आणि रानात शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्तानं. राजानं ती नाकारली. मग गुणाढ्य रानात अग्निकुंड पेटवून बसला. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. जनावरं चरणं सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत बसली. राजाच्या ताटात येणारं मांस सुकं, निःसत्त्व येऊ लागलं, राजा आजारी पडला, आणि आचारी, पारधी असा तपास होत होत प्रकरण लेखकापर्यंत पोचलं. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. उरलेला एक लाख बचावला, कारण तो भाग शिष्यांना आवडायचा. वाचकांच्या आग्रहाचं हे सर्वात जुनं उदाहरण असावं. आज तोही मूळ रूपात उरलेला नाही. उरली आहेत ती इतरांनी संस्कृतात केलेली रूपं. त्यांतलं सोमदेवाचं 'कथासरित्सागर' पूर्ण आहे, आणि बुधस्वामीचं अपूर्ण. म्हणजे अर्धवट मालिकेची परंपराही आपलीच.

दुसरं ठिकाण म्हणजे टेरी प्रॅचेट यांचं डिस्कवर्ल्ड. एक अवाढव्य कासव अवकाशात पोहतंय, त्याच्या पाठीवर चार हत्ती, हत्तींच्या पाठीवर तबकडीसारखी सपाट पृथ्वी. हे वाचून मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. कूर्म आणि दिग्गज आमच्या ओळखीचे. 1983 ते 2015 या काळात एकेचाळीस कादंबऱ्या झाल्या. 2015 मध्ये प्रॅचेट गेले, आणि त्यांनी सांगून ठेवलं होतं त्याप्रमाणे 2017 मध्ये त्यांच्या संगणकाची हार्ड डिस्क अपुऱ्या लेखनासकट वाफेच्या रोडरोलरखाली चिरडण्यात आली. संपलेली मालिका म्हणतात ती ही. मुलगी आहे, तीही लेखिका आहे, पण रोडरोलरपुढे कोणाचं चालतं?

मी भाचीला विजयी स्वरात कळवलं की निवड झाली, उद्यापासून पहिला भाग. ती ओरडलीच. "पहिल्यापासून नाही सुरू करायचं, मावशी!" मग तिनं एक तक्ता पाठवला. चेटकिणींची पुस्तकं एका रांगेत, शहराच्या पहारेकऱ्यांची दुसऱ्या, जादूगारांची तिसऱ्या, आणि रांगांमधून बाण. तिच्या मते मी पहारेकऱ्यांपासून, म्हणजे आठव्या पुस्तकापासून सुरुवात करावी.

ह्यांनी चष्मा लावून तक्ता बराच वेळ पाहिला. "हे कोणाचं खानदान?"

मी समजावून सांगितलं.

"आणि हा कोण, काळ्या झग्यातला सांगाडा?"

"मृत्यू. त्याचीही वेगळी रांग आहे. त्याला मांजरं आवडतात, आणि त्याच्या घोड्याचं नाव बिंकी आहे."

ह्यांना हे आवडलं. यमाच्या रेड्याचं नाव आपल्याला कोणी कधी सांगितलं नाही, ही उणीव त्यांना तेवढ्यात जाणवली. "तू पहारेकरी घे, मला हा यम दे," ते म्हणाले. "आधीचं काही माहीत नसलं तरी चालतं ना? आणि मध्ये जाहिराती नाहीत?"

मी म्हटलं, नाहीत. फक्त एकदा जर्मन भाषांतराच्या ऐन मजकुरात प्रकाशकानं सुपाची जाहिरात घातली होती, तेव्हा प्रॅचेट यांनी प्रकाशकच बदलला.

हे क्षणभर गंभीर झाले. मग म्हणाले, "कुठलं सूप?"