ऑरेंज काका

लिफ्टमध्ये ‘काय काका, कसं काय?’ असं कुणी विचारलं, की आमचे काका म्हणतात, ‘ऑरेंज.’ म्हणजे हवामान खात्याने ठाणे जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट दिलाय. समोरच्याने तब्येत विचारली होती, हे त्यांच्या गावीही नसतं. नेरूळच्या आमच्या सोसायटीत त्यांचं नावच ‘ऑरेंज काका’ पडलंय. काकांची तक्रार एवढीच, की यलो असला तरी लोक ऑरेंजच म्हणतात.

निवृत्तीनंतर लोक गच्चीवर कुंड्या ठेवतात, काकांनी पर्जन्यमापक ठेवला. सेक्रेटरी म्हणाले, ‘टाकीच्या आडोशाला ठेवा.’ काका खवळले. ‘टाकीच्या उंचीच्या दुप्पट अंतर हवं, नाहीतर टाकी माझा पाऊस अडवेल!’ अखेर मापक मोकळ्यावर बसला आणि काकूंच्या कुरडया कठड्याकडे सरकल्या.

खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून साडेआठच्या ठोक्याला काका छत्री घेऊन वर. मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचं, श्वास रोखायचा आणि पाणी मध्ये जिथे खोलगट दिसतं तिथला आकडा वाचायचा. गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये स्कूटरी निम्म्या पाण्यात होत्या, तेव्हा काका खाली येऊन हळहळले, ‘63.8. मुसळधार म्हणता येत नाही हो. मुसळधार 64.5 पासून!’

एवढा अभ्यास, पण ‘उद्या पाऊस पडेल का?’ याला हो किंवा नाही असं उत्तर त्यांनी आजवर दिलेलं नाही. आधी विचारतात, ‘कुठे?’ मग 26 जुलै 2005 काढतात. त्या दिवसाच्या नोंदीत सांताक्रूझला 944 मिलिमीटर आणि कुलाब्याला जेमतेम 73. शहर एकच! काकू विचारतात, ‘अहो, कुरडया वर टाकू ना?’ काका उत्तरतात, ‘तुरळक ठिकाणी शक्यता आहे. तुरळक म्हणजे शंभरातल्या पंचवीस केंद्रांपर्यंत.’ ‘त्या पंचवीसात आपली गच्ची आहे का?’ यावर काका वर्तमानपत्र उघडतात. काकू खाडीकडे एक नजर टाकतात आणि काय ते ठरवतात.

मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख 11 जून. 2025 साली काकांनी त्या हिशेबाने गच्चीच्या गळतीचं काम जूनच्या पहिल्या आठवड्यात लावून घेतलं. मान्सून 26 मे रोजीच दाखल झाला, इतक्या लवकर आल्याची आधीची नोंद नाही. वरच्या मजल्यावरच्या वहिनी बादल्या लावून लावून थकल्या. काका शांतपणे म्हणाले, ‘सरासरी म्हणजे वेळापत्रक नव्हे.’

त्यावर कुणी तरी ‘बघा, हवामान बदललं!’ म्हणालं. काका त्याच्यावरही उखडले. ‘एका वर्षाने काहीच सिद्ध होत नाही. किमान 30 वर्षांची सरासरी लागते. खातं सध्या 1991 ते 2020 धरतं.’ बदल होतोय हे त्यांना मान्य आहे, कारण त्यामागे जगभरच्या दीर्घ नोंदी आहेत. पण नेरूळपुरतं स्वतःचं मत ते स्वतःची 30 वर्षं भरल्यावरच देणार आहेत. तोवर ते नव्वदी ओलांडतील.

आमच्याकडे पावसावर छातीठोक बोलणारे मजल्यागणिक चार आहेत, रोज मोजणारे काका एकटेच. तेव्हा काल किती पडला हे काकांना विचारा. छत्री न्यायची का, ते काकूंना.